नळी फुंकिली सोनारे... पण आकडा कितपत खरा? (चालकांच्या श्वासातली दारू मोजणारी यंत्रं)

वेळापत्रक
नमस्कार मंडळी,

चालकांच्या पाळ्या लावणं हे माझं काम. गाडी ताब्यात देण्याआधी प्रत्येकाने यंत्रात फुंकायचं. शून्य आलं तर किल्ली, नाहीतर घरी, असा आमच्याकडचा नियम. रजिस्टरमध्ये आकड्यापुढे सही माझी.

परवा एका चालकाचा आकडा आला ४१. हा माणूस पीत नाही, बरीच वर्षं ओळखतो त्याला. म्हणाला, आत्ताच माउथवॉशने गुळण्या केल्यात. वीसेक मिनिटांनी मी माझ्या जबाबदारीवर त्याला पुन्हा फुंकायला लावलं, तर शून्य! पण नियमावलीत दुसऱ्या फुंकरीची सोयच नाही. पहिला आकडा नोंदला गेला होता, त्यामुळे त्याचा दिवस बुडाला.

बरं, उलटंही पाहिलंय. एक जण आला, डोळे लाल, बोलताना जीभ जड, वास तर दारातूनच येत होता. यंत्र म्हणालं शून्य.

तर जाणकारांना विचारायचं आहे की हे यंत्र मोजतं नक्की काय? आणि एखाद्याची रोजीरोटी ज्यावर ठरते त्या आकड्यावर किती विसंबायचं?

उडाणटप्पू
लाल डोळे, जड जीभ आणि आकडा शून्य? घरी तान्हं मूल आहे का विचारा त्यांना.

वेळापत्रक
:) वासाचं काय मग? ग्राइप वॉटर?

सायंतारा
वाचतेय. आमच्या घरातही यावरून जोरदार वाद झालाय, त्यामुळे उत्तरात रस आहे.

मापाडी
मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन (म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून आकडा बरोबर येतो ना ते बघणं) करण्यात नोकरी गेली, त्यात ही यंत्रंही असायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंत्राला तुमचं रक्त दिसत नाही, त्याला फक्त श्वास मिळतो. फुफ्फुसांच्या टोकाला वायुकोशांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. अल्कोहोल पटकन उडणारं, त्यामुळे ते रक्तातून हवेत येतं, आणि ठरावीक तापमानाला दोन्हीकडच्या प्रमाणाचं गुणोत्तर ठरलेलं राहतं. हा हेन्रीचा नियम. रूढ हिशेब असा आहे की १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल असतं, तेवढंच २१०० मिलिलिटर खोल श्वासात असतं. यंत्र श्वासातलं मोजतं, २१०० ने गुणतं आणि रक्ताचा आकडा दाखवतं. म्हणजे श्वासाचा आकडा मोजलेला, रक्ताचा काढलेला.

आता तुमच्या माउथवॉशवाल्याकडे येऊ. बऱ्याच माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. गुळणी केल्यावर ते तोंडाच्या ओल्या अस्तरावर, हिरड्यांत राहतं. फुंकर बाहेर पडताना ते सोबत घेऊन जाते. यंत्र बिचारं समजतं की हे फुफ्फुसांतून, पर्यायाने रक्तातून आलं, आणि त्यालाही २१०० ने गुणून मोकळं होतं. तोंडातला एक अंशही असा फुगतो. एकही थेंब न गिळता भलामोठा आकडा येऊ शकतो.

पण हे अल्कोहोल टिकत नाही. लाळेने आणि श्वासाने ते साधारण पंधरा मिनिटांत निघून जातं. म्हणून जिथे आकडा पुरावा म्हणून वापरायचा असतो तिथे चाचणीआधी पंधरा ते वीस मिनिटं माणसाला नजरेसमोर बसवून ठेवतात. खाणं, पिणं, धूम्रपान बंद. ढेकर किंवा उलटी झाली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही वीस मिनिटांनी घेतलेली दुसरी फुंकर हीच खरी चाचणी होती. पहिली फक्त ‘थांबा, पुन्हा बघू’ एवढंच सांगत होती.

वेळापत्रक
मापाडीकाका, मनापासून आभार. हेच नियमावलीत घालायला सांगतो. आणि शून्यवाल्याचं काय?

मापाडी
त्याची कारणं दोन-तीन असू शकतात. एक, त्याने गालातली हवा फुंकली. श्वासाची सुरुवात म्हणजे तोंड आणि श्वासनलिकेतली हवा. खरा माल शेवटी येतो. जितकं लांब फुंकाल तितका आकडा चढत जातो आणि मग जवळपास सपाट होतो. बरी यंत्रं किमान ठरावीक आकारमानाची सलग फुंकर मिळाल्याशिवाय नमुनाच घेत नाहीत, साधी यंत्रं कशालाही ‘हो’ म्हणतात. दोन, काही यंत्रं अगदी कमी आकडे सरळ शून्य म्हणून दाखवतात. तीन, सेन्सर म्हातारा झाला असेल. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते यंत्रावरच्या स्टिकरवर असतं, बघून सांगा.

नाडीपरीक्षा
मापाडींशी सहमत, थोडी भर घालते. वासावर जाऊ नका. शुद्ध इथेनॉलला, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलला, फारसा वास नसतो, दारूचा म्हणून जो भपकारा येतो तो बराचसा पेयातल्या इतर घटकांचा. बिअरचा एक घोट भरपूर दरवळतो आणि भरपूर प्यायलेली व्होडका तितकी दरवळत नाही. आणि जड जीभ, लाल डोळे याला झोप न होणं, साखर कमी होणं, काही औषधं, अगदी मेंदूतला झटका हीसुद्धा कारणं असतात. आकडा शून्य असला तरी अशा माणसाला गाडी देऊ नये, हे मात्र तुम्हाला यंत्राने सांगायची गरज नाही.

शंकासुर
माफ करा, पण २१०० हा आकडा आकाशातून पडला का? माझी फुफ्फुसं आणि माझ्या शेजाऱ्याची फुफ्फुसं सारखी? सरासरीवर माणसाला गुन्हेगार ठरवायचं म्हणजे कमाल आहे. मला तर हा सगळा प्रकार अंदाजपंचे दाहोदरसे वाटतो.

उडाणटप्पू
शंकासुर आले, आता धागा शंभरी गाठणार. सतरंजी आणतो.

नाडीपरीक्षा
शंकासुर, प्रश्न रास्त आहे. गुणोत्तर माणसागणिक बदलतं, आणि त्याच माणसात वेळेनुसारही बदलतं. पण ज्या दिशेला तुम्ही बोट दाखवताय त्याच्या उलट दिशेला बहुतेकांचा फायदा होतो. रक्त आणि श्वास दोन्ही तपासून पाहिल्यावर प्रत्यक्षातली सरासरी २१०० च्या वर, २३०० च्या आसपास किंवा त्याहून थोडी जास्त येते. ब्रिटनने हिशेबाला २३०० च धरलं आहे. म्हणजे २१०० ने गुणणारं यंत्र बहुतेक लोकांचा आकडा कमीच दाखवतं. रक्तात ८० (१०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅम) असलेला आणि २३०० गुणोत्तराचा माणूस फुंकेल तेव्हा यंत्र ७३ म्हणेल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याचं गुणोत्तर १९०० आहे त्याच्या रक्तात ७४ असताना यंत्र ८२ दाखवेल. मर्यादा ८० असेल तर हा माणूस हकनाक अडकला. अशी माणसं कमी असतात, पण असतात.

शिवाय तापमान. हिशेब ३४ अंश सेल्सियसच्या श्वासावर बसवलेला आहे. श्वास एका अंशाने तापला की आकडा साधारण साडेसहा टक्क्यांनी वर जातो. तापाने फणफणलेल्याचा आकडा त्यामुळे थोडा जास्त येणार.

आणि प्यायल्यावर लगेच, पोटातून शोषण चालू असताना, श्वास धमनीतल्या रक्ताशी जुळतो आणि हातातून काढलेलं रक्त शिरेतलं असतं. त्या काळात श्वासाचा आकडा शिरेपेक्षा जास्त येतो. शोषण संपलं की चित्र पालटतं. मेंदूला धमनीतलं रक्त मिळतं, तेव्हा ‘खरा’ आकडा कुठला म्हणायचा यावर वाद घालता येईल!

शंकासुर
म्हणजे चुकतं हे मान्य.

नाडीपरीक्षा
चुकतं, आणि बहुतेकदा चालकाच्या बाजूने चुकतं. हे दुसरं वाक्य सोडून पहिलंच उचलू नका हो.

काळा_कोट
शंकासुरांच्या गुणोत्तराच्या वादावर कायद्याने काढलेला तोडगा मजेशीर आहे. अनेक ठिकाणी मर्यादाच श्वासात लिहून टाकली. ब्रिटनमध्ये (स्कॉटलंड वगळून) १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम. स्कॉटलंडने २०१४ च्या डिसेंबरात ती २२ वर आणली. अमेरिकेत बहुतेक राज्यांत २१० लिटर श्वासात ०.०८ ग्रॅम, युटाने २०१८ च्या अखेरीस ०.०५ केली. जिथे गुन्हाच श्वासावर ठरतो तिथे ‘माझं गुणोत्तर वेगळं आहे’ हा बचाव उरतच नाही.

भारतात मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा रक्ताची आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि ती श्वास विश्लेषकाने शोधायची. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेची चाचणीही त्यात आली. म्हणजे गुणाकार यंत्राच्या पोटातच राहिला. मर्यादा इतकी खाली असल्यावर तोंडातल्या अल्कोहोलचा प्रश्न जास्त टोचतो हे उघड आहे, कारण ३० ओलांडायला अंशच पुरतो.

आणखी एक. रस्त्यावर हातात धरायचं यंत्र चाळणीसाठी असतं. ठाण्यात टेबलावर ठेवलेलं मोठं यंत्र किंवा रक्ताची तपासणी, ती पुराव्यासाठी. ब्रिटनमध्ये पुराव्याच्या दोन फुंकरी घेतात आणि त्यातली कमी असलेली धरतात. शिवाय मर्यादा ३५ असली तरी सहसा ४० च्या आत खटला भरत नाहीत. हा फरक यंत्राच्या चुकीसाठी सोडलेला आहे. वेळापत्रक, तुमच्या कंपनीने चाळणीच्या यंत्रालाच न्यायाधीश केलंय, गडबड तिथे आहे.

तिरकस
तांब्याचं नाणं जिभेखाली ठेवलं की आकडा येत नाही, खरं का? मित्रासाठी विचारतोय.

उडाणटप्पू
मित्राला नाणं तिथेच ठेवायला सांगा, बोलणं तरी कमी होईल.

मापाडी
नाणं, पुदिना, कांदा, कॉफी, काही उपयोग नाही. यंत्र वास घेत नाही, अल्कोहोलचे रेणू मोजतं. आणि पुदिन्याच्या तोंडाच्या फवाऱ्यात अल्कोहोल असलं तर मित्राचा आकडा वाढेल.

सायंतारा
आमच्या घरातला वाद सांगते. दिराने वजन कमी करायला कर्बोदकं जवळपास बंद केलीत. त्याचं म्हणणं, किटोसिसमध्ये (कर्बोदकं न मिळाल्याने शरीर चरबी जाळू लागतं तेव्हा) श्वासात ॲसिटोन येतं आणि यंत्र त्यालाच दारू समजतं, त्यामुळे त्याला फुंकायला लावणं अन्याय आहे. मी म्हणते की पूर्वी असेल, आता नाही. बरोबर कोण?

मापाडी
बरंचसं तुमचं बरोबर, पण दिराचंही पूर्ण चूक नाही. यंत्राच्या जातीवर अवलंबून आहे.

सगळ्यात जुनी पद्धत रंगाची. पोटॅशियम डायक्रोमेट पिवळट-नारिंगी, अल्कोहोल मिळालं की हिरवं. जर्मनीच्या ड्रेगरने १९५३ मध्ये अशी काचनळी आणली, फुग्यात फुंकायचं आणि हिरवा रंग कुठवर चढला ते बघायचं. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, इंडियानातल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइनने रंगातला बदल प्रकाशाने मोजणारं यंत्र काढलं, त्यामुळे डोळ्याच्या अंदाजाऐवजी आकडा मिळू लागला. त्याआधी १९३० च्या दशकात रोला हार्गरचा ‘ड्रंकोमीटर’ होता.

मग इन्फ्रारेड. अल्कोहोलचा रेणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. ३.४ मायक्रोमीटरच्या आसपास बघितलं तर अडचण अशी की तिथे ॲसिटोनही प्रकाश गिळतं. म्हणून नंतरची यंत्रं एकापेक्षा जास्त तरंगलांबी बघतात किंवा ९.५ च्या जवळ मोजतात.

हातातल्या बऱ्या यंत्रांत फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल होताना वीज तयार होते, ती मोजायची. ॲसिटोनला हा सेल दाद देत नाही.

स्वस्तातली खेळणीवजा यंत्रं सेमीकंडक्टरची, टिन ऑक्साइडची. त्यांना ॲसिटोन, धूर, परफ्यूम, सगळंच दारू वाटतं.

नाडीपरीक्षा
यात एक सुंदर अपवाद आहे. शरीर स्वतःच थोड्या ॲसिटोनचं आयसोप्रोपॅनॉल करतं, आणि ते अल्कोहोलच असल्याने फ्युएल सेल त्याला प्रतिसाद देतो. स्वीडनमधलं एक प्रकरण २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. कडक कमी उष्मांकाच्या आहारावरचा, अजिबात न पिणारा माणूस, फुंकल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारं इंटरलॉक, आणि गाडी काही चालू होईना. तेव्हा सायंतारा, दिराला म्हणावं, शक्यता आहे, पण दुर्मिळ आहे आणि अशा वेळी रक्ताची चाचणी त्याला सोडवेल. रक्ताच्या तपासणीत गॅस क्रोमॅटोग्राफी इथेनॉल आणि आयसोप्रोपॅनॉल वेगळे करते.

सायंतारा
आज जेवताना हे वाचून दाखवणार. ‘पूर्ण चूक नाही’ एवढा भाग गाळून.

शंकासुर
आणि ते पोटातच दारू तयार होणारे लोक? ते तर निष्पाप ना?

नाडीपरीक्षा
ऑटो-ब्रुअरी सिंड्रोम. आतड्यातल्या यीस्टसारख्या जंतूंनी कर्बोदकं आंबवून इथेनॉल तयार करायचं. खरा आजार आहे, फार विरळा. बेल्जियममध्ये ब्रूजच्या न्यायालयाने २०२४ मध्ये एका चालकाला याच कारणाने निर्दोष सोडलं, तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून दुजोरा दिला होता. पण बघा, तिथे यंत्र चुकलेलं नव्हतंच. रक्तात अल्कोहोल खरोखरच होतं. दोष कुणाचा हा प्रश्न वेगळा, मोजमाप बरोबर होतं.

काळा_कोट
त्या खटल्यातला सगळ्यात भारी तपशील तुम्ही गाळलात. तो गृहस्थ नोकरीला बिअरच्या कारखान्यात होता!

उडाणटप्पू
घरून काम करत होता म्हणा ना.

घाटवळण
निवृत्त चालक आहे. आयुष्य अवजड गाड्यांवर काढलं. यंत्राच्या चुकांवर एवढं चाललंय, पण मी स्वतः बघितलेले बहुतेक लोक यंत्राच्या चुकीने पकडले गेले नाहीत. ते पकडले गेले सकाळच्या पाळीला. रात्री बसायचं, झोपायचं, आंघोळ करून कपाळाला गंध लावून ताजेतवाने कामावर यायचं. मनापासून वाटत असतं की उतरली. आणि आकडा आला की यंत्राच्या नावाने शिमगा.

नाडीपरीक्षा
घाटवळणकाका, अगदी खरं. यकृत आपल्या गतीने काम करतं, सरासरी तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. कुणाचं १०, कुणाचं २०. मध्यरात्री १५० असेल तर सकाळी सातला अजून ४५ शिल्लक. थंड पाण्याने, कॉफीने, धावण्याने ती गती वाढत नाही. झोपेत तर माणसाला वेळ गेल्याचाच भास जास्त होतो.

तिरकस
मित्र विचारतोय, भरभर श्वास घेऊन मग फुंकलं तर?

मापाडी
मित्र अभ्यासू दिसतो. स्वीडनमध्ये १९८२ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी भरभर श्वास घेतले तर आकडा दहाएक टक्क्यांनी खाली येतो. उलट तीस सेकंद श्वास रोखून फुंकलं तर पंधराएक टक्क्यांनी वर जातो. म्हणजे घाबरून श्वास धरून ठेवणाऱ्याचं नुकसान. पण पोलिसासमोर उभं राहून धापा टाकायला लागलात तर तो दुसरी फुंकर मागणार हे मित्राला सांगा.

शंकासुर
दहा खाली, पंधरा वर! आणि म्हणे अचूक.

मापाडी
शंकासुर, दोन गोष्टी वेगळ्या करा. यंत्राला माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू द्या, चांगलं फ्युएल सेलचं किंवा इन्फ्रारेड यंत्र काही टक्क्यांच्या आत उत्तर देतं, पुन्हा पुन्हा तेच देतं. हा झाला यंत्राचा भाग. माणसाचा श्वास कसा आला हा दुसरा भाग, तिथे अनिश्चितता मोठी. लोक दुसऱ्या भागाची शिक्षा पहिल्याला देतात.

आणि तिसरा भाग कुणी बोलतच नाही, तो म्हणजे यंत्राची देखभाल करणारा माणूस.

काळा_कोट
यावर न्यू जर्सीचं उदाहरण अगदी चपखल आहे. कॅलिब्रेशनसाठी सिम्युलेटरमध्ये (माणसाच्या श्वासाऐवजी यंत्राला वाफ पुरवणाऱ्या उपकरणात) ठरलेल्या प्रमाणाचं अल्कोहोलचं द्रावण ३४ अंशांवर तापवतात. ते खरंच ३४ आहे ना, हे प्रमाणित थर्मामीटरने तपासायची एक पायरी होती. एका पोलीस सार्जंटने ती पायरी गाळली असा आरोप झाला. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या हाताखालून गेलेल्या यंत्रांवरच्या २०,००० हून जास्त चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या. यंत्रं नादुरुस्त होती असं सिद्ध झालं नव्हतं. ती बरोबर होती हे दाखवता येईना, एवढंच पुरलं.

त्याच राज्यात २००८ मध्ये बचाव पक्षाने यंत्राचा सोर्स कोडही तपासून घेतला होता. न्यायालयाने काही अटी घालून यंत्र ग्राह्य धरलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर तपासणी करणाऱ्या कार्यालयाने कॅलिब्रेशन फसल्याची कागदपत्रं बचाव पक्षाला दिलीच नाहीत, आणि २०२३ च्या निकालाने हजारो जुन्या शिक्षांची दारं पुन्हा उघडली.

शंकासुर
हे बघा! मी काय म्हणत होतो?

काळा_कोट
तुम्ही यंत्राला शिव्या देत होतात. मी कपाटातल्या फायलीबद्दल बोलतोय.

घाटवळण
आमच्या वेळी काही जण छातीवर हात मारून सांगायचे की थोडी घेतली की हात स्थिर राहतो. असं काही संशोधन आहे म्हणे?

नाडीपरीक्षा
त्या समजुतीचा उगम एका खऱ्या आलेखात सापडतो. बोर्कनस्टाइननेच १९६० च्या दशकात मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघातातले चालक आणि त्याच जागी, त्याच वेळी जाणारे इतर चालक यांच्या श्वासाची तुलना केली. अगदी कमी अल्कोहोल असलेल्यांत अपघाताचं प्रमाण शून्यवाल्यांपेक्षा किंचित कमी दिसलं. लोकांनी तेवढाच तुकडा उचलला. पण वारंवार पिणारे आणि क्वचित पिणारे, तरुण आणि मध्यमवयीन हे गट सरमिसळ झाले होते. पुढच्या विश्लेषणांत गट वेगळे केल्यावर तो खळगा गेला आणि धोका पहिल्या घोटापासून चढत गेलेला दिसला.

तिरकस
घरी ठेवायला एखादं यंत्र घ्यावं का? बसलो की तपासायचं, मग निघायचं. (आता मित्र नाही, मीच.)

मापाडी
आकडा बघून निघायचा बेत असेल तर घेऊ नका. शेवटचा प्याला रिकामा केल्यावर पुढचा अर्धा-एक तास रक्तातला आकडा चढत असतो. घरी २५ दिसला म्हणून निघालात, वाटेत ४० व्हायचा. त्यात सेमीकंडक्टरचा सेन्सर महिन्यागणिक सरकतो. फ्रान्सने २०१२ मध्ये प्रत्येक गाडीत एकदा वापरायचं चाचणीसाधन ठेवायची सक्ती केली. न ठेवल्यास दंड मात्र नाही! २०२० मध्ये सक्तीही गुंडाळली.

उडाणटप्पू
दंड नसलेला नियम म्हणजे आमच्या सोसायटीचा.

वेळापत्रक
सगळं वाचून काढलं, धन्यवाद. नियमावलीत बदलाचा मसुदा वर पाठवलाय: फुंकण्याआधी पंधरा मिनिटं समोर बसवणं, शून्याहून जास्त आलं तर आणखी पंधरा मिनिटांनी दुसरी फुंकर, दोन्ही आकड्यांची नोंद, आणि तरीही आला तर चालकाने मागितल्यास रक्ताची तपासणी कंपनीच्या खर्चाने. त्या चालकाचा दिवस भरून द्यावा असंही लिहिलंय. शेवटच्या दोन मुद्द्यांवर वरून अजून उत्तर नाही, पहिल्या दोनांवर ‘वेळ कुठून आणायचा?’ असा शेरा आलाय.

आणि काका, स्टिकर बघितला. तारीख आहे, पण छपाई पुसट. वर्ष वाचता येत नाही.

मापाडी
मग ते यंत्र आधी तपासायला पाठवा. उत्पादकाने सांगितलेली मुदत सहसा सहा महिने ते वर्ष असते. तुमच्याकडे रोज सगळे चालक फुंकत असतील तर कमी मुदतीची धरा. यंत्र रात्री कुठे ठेवता? अति थंड किंवा तापलेल्या जागेत ठेवलं तर सकाळचे पहिले आकडे विचित्र येतात. आणि तोंडाला लावायची नळी प्रत्येकाला नवी.

हो, एक राहिलंच. चाचणीच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली असते का? हात ओले असताना नळी धरली तर त्याची वाफ थेट यंत्रात जाते.

वेळापत्रक
बाटली टेबलावरच आहे. यंत्राच्या शेजारी. आजच हलवतो.

शंकासुर
तो ४१ माउथवॉशचा की सॅनिटायझरचा, आता कसं कळणार?

मापाडी
नाही कळणार. दोन्हीवर उपाय एकच आहे, वेळ आणि दुसरी फुंकर. तुमचा हा प्रश्न मात्र आवडला.

सायंतारा
वर इंटरलॉकचा उल्लेख आला म्हणून विचारते. ते लावलेल्या गाडीत चालकाने दुसऱ्या कुणाला फुंकायला लावलं तर?

काळा_कोट
त्यासाठी बऱ्याच यंत्रांवर कॅमेरा असतो, आणि गाडी चालू झाल्यावरही अधूनमधून पुन्हा फुंकायला सांगतात. युरोपीय संघात २०२२ च्या जुलैपासून नव्या मॉडेलच्या गाड्यांत इंटरलॉक जोडायची सोय असणं बंधनकारक आहे. इंटरलॉक लावलेलं असायलाच हवं असं नाही, फक्त लावता आलं पाहिजे.

शंकासुर
धावत्या गाडीत आकडा चुकीचा आला तर इंजिन बंद? म्हणजे अपघात तेच घडवणार!

काळा_कोट
इंजिन बंद करत नाहीत. नोंद होते, हॉर्न किंवा दिवे चालू होतात, गाडी बाजूला घेईपर्यंत. पुढच्या वेळी सुरू व्हायला मात्र अडवतात.

उडाणटप्पू
हॉर्न सतत वाजत राहणार? इथे कुणाच्या लक्षात तरी येईल का?